सांडपाणी, वीज आणि आपला माणूस

माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. संडासाच्या टाकीत उतरण्यापूर्वी ते झाकण काढून पेटता कंदील दोरीने आत सोडीत. कंदील विझला तर उतरायचे नाही, एवढेच शास्त्र त्यांना ठाऊक होते. मी शिकलो, महाविद्यालयात शिकवू लागलो, तेव्हा कळले की तेही शास्त्र अपुरे होते. प्राणवायू नसेल तर कंदील विझतो, हे खरे. पण टाकीत मिथेन असेल तर त्याच कंदिलाने भडका उडू शकतो. आणि हायड्रोजन सल्फाइड माणूस मरण्याइतका असला तरी कंदील जळतच राहतो.

हे वायू येतात कोठून? बंद टाकीत हवा पोहोचत नाही. तेथे प्राणवायूवाचून जगणारे, म्हणजे अवायुजीवी, जंतू मैला कुजवितात. काही जंतू मैल्याची आम्ले करतात, तर काही त्या आम्लांपासून मिथेन तयार करतात. मिथेन हे इंधन आहे. मैल्यातील ऊर्जेचा मोठा भाग त्यात उतरलेला असतो.

ही गोष्ट नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीवर वायू गोळा करण्याची सोय केली गेली आणि त्या वायूवर इंजिन चालविले गेले. समाजाने बाहेर काढलेल्या माणसांच्या मैल्याने यंत्र चालविले!

पण शहरांनी पुढे दुसरी वाट धरली. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून ते शुद्ध करण्याची पद्धत मांडली. तिने पाणी चांगले शुद्ध होते, यात शंका नाही. मात्र त्यासाठी ब्लोअर रात्रंदिवस चालवावे लागतात. अशा केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज हवा भरण्यातच जाते. शिवाय हवेवर पोसलेले जंतू खाल्लेल्या घाणीपैकी जवळजवळ निम्म्या भागाचे स्वतःचे शरीर बनवितात. तोच गाळ, तो हलविण्याचा खर्च वेगळा. वीज गेली, बिल थकले की केंद्र बंद पडते आणि घाण पाणी नदीत जाते. त्या नदीच्या खालच्या अंगाला कोणाच्या वस्त्या असतात, हे सांगायला नको.

१९७०च्या दशकात हॉलंडमधील वागेनिंगेन येथे गात्झे लेटिंगा यांनी अवायुजीवी जंतूंकडे पुन्हा लक्ष वळविले. त्यांच्या टाकीत सांडपाणी तळातून सोडतात. ते जंतूंनी भरलेल्या गाळाच्या थरातून सावकाश वर चढते आणि साधारण आठ-दहा तासांत बाहेर पडते. वायू वरच्या झाकणाखाली जमतो. हवा भरावी लागत नाही आणि गाळही फार कमी होतो. ऊन देशांना ही पद्धत मानवते, कारण पाणी वीस अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हे जंतू मंदावतात. गंगा कृती योजनेत कानपूरच्या जाजमऊ येथे १९८९ साली रोज ५० लाख लिटरचे असे केंद्र सुरू झाले. पुढे यमुनेकाठच्या शहरांतही अशी केंद्रे झाली.

तथापि या पद्धतीचे भाट होण्याचे कारण नाही. घरगुती सांडपाणी पातळ असते; त्यातून वायू बेताचाच मिळतो आणि त्यातलाही बराचसा पाण्यात विरघळून निसटतो. खरी बचत होते ती न लागलेल्या विजेची. पाणीही पुरते शुद्ध होत नाही. त्याला पुढे हवेचा, पण लहानसा, टप्पा द्यावाच लागतो. आणि मिथेन वापरला नाही किंवा जाळला नाही, तर तो वातावरण तापवितो.

याहून महत्त्वाचा प्रश्न इंजिनिअरांच्या आराखड्यात सहसा दिसत नाही. या टाक्यांत पाणी सोडणारे नळ चिंध्यांनी, प्लॅस्टिकने तुंबतात. वायूच्या झाकणाखाली तवंग साचून घट्ट होतो. तो कोण काढणार? वीज वाचविणारे यंत्र माणसाला आत उतरवून चालविले जाणार असेल, तर ती काटकसर नव्हे. खर्च फक्त वहीतून काढून आपल्या माणसाच्या अंगावर टाकलेला असतो.

२०१३च्या कायद्याने गटारे व टाक्यांची जीवघेणी सफाई माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख, तर २०२३ साली तीस लाख रुपये ठरविली. पण माणूस मेल्यावर ठरणारी किंमत हा न्याय नव्हे.

म्हणून आपल्या गावी सांडपाण्याचे केंद्र यायचे ठरले, तर कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आराखडा मागून वाचावा. हवा भरायला किती वीज लागेल? वायूचे काय करणार? तुंबलेले नळ बाहेर उभे राहून साफ करता येतील काय? वाचलेल्या विजेच्या पैशातून उपसायंत्रे येणार काय, कामगार कायम होणार काय? हे प्रश्न तांत्रिक आहेत म्हणून आपले नाहीत, असे समजू नये. माझ्या वडिलांच्या हाती फक्त कंदील होता. आपल्या हाती पुस्तक आहे.