पिंग वाढतोय? आधी कूलर बघा

अमरावती-अकोल्यात गेम अडकला की पहिला आळ ‘सर्व्हर लांब आहे’ यावर. सर्व्हर मुंबईत असेल, तर हे अंतर सुमारे ६०० किमी. फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद पुरतात. वाटेतली यंत्रं थोडी भर घालतात, पण दीडशेवर उड्या मारणारा पिंग अंतरामुळे नसतो. मोबाईल राउटरशेजारी नेऊन खेळा. तिथे पिंग स्थिरावला तर गडबड घरातली. नाहीतर लाइनची तक्रार करा.

वऱ्हाडी घरातला खास संशयित म्हणजे कूलर. त्याचा पत्रा वायफायच्या लहरी परतवतो, टाकीतलं पाणी त्या शोषतं. राउटर आणि खेळाडू यांच्या मधोमध कूलर असेल, तर राउटर हलवा, उंचावर ठेवा. टीव्हीमागे कोंडू नका; मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तिथे यंत्रही तापतं.

वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ बँड लांब पोहोचतो, पण शेजाऱ्यांची गर्दी तिथेच. चॅनेल १, ६ किंवा ११ निवडा. खोली एकच असेल तर ५ गिगाहर्ट्झ बरा. पीसीवर खेळणाऱ्यांनी मात्र सरळ लॅन केबल ओढावी. लाइट जाते तिथे इन्व्हर्टरवर राउटरसोबत फायबरचा डबाही घ्या, हे हमखास राहून जातं.