एलईडी ड्रायव्हर

एलईडी ड्रायव्हर हे घरगुती किंवा औद्योगिक वीजपुरवठ्यातील प्रत्यावर्ती विद्युतधारेचे रूपांतर एलईडी दिव्यास योग्य अशा नियंत्रित दिष्ट विद्युतधारेत करणारे उपकरण आहे. एलईडी दिवा बंद पडतो तेव्हा अनेकदा एलईडी शाबूत असून ड्रायव्हर निकामी झालेला असतो. त्यामुळे दिव्याचे प्रत्यक्ष आयुष्य ड्रायव्हरच्या निवडीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

आवश्यकता

पांढऱ्या एलईडीला साधारणपणे ३ व्होल्टच्या आसपास विभवांतर लागते. या मर्यादेपुढे विभवांतर किंचित वाढले तरी विद्युतधारा अनेक पटींनी वाढते. शिवाय एलईडी तापला की त्याला लागणारे विभवांतर घटते. पुरवठ्याचे विभवांतर तेवढेच राहिल्यास विद्युतधारा आणखी वाढते, त्याने तापमान वाढते आणि या चक्रात एलईडी जळू शकतो. म्हणून विभवांतराऐवजी विद्युतधारा स्थिर ठेवणे महत्त्वाचे ठरते.

प्रकार

स्थिर विद्युतधारा देणारे ड्रायव्हर ३५०, ७०० किंवा १०५० मिलिअँपिअर अशा ठरावीक धारेचे असतात. त्यांच्यावर विभवांतराची एक कक्षा छापलेली असते व एकसर जोडणीतील एलईडींच्या विभवांतरांची बेरीज त्या कक्षेत बसावी लागते. उदाहरणार्थ, प्रत्येकी ३ व्होल्टचे १२ एलईडी एकसर जोडल्यास ३६ व्होल्ट लागतात. ३५० मिलिअँपिअर, २५ ते ४२ व्होल्ट असे लिहिलेला ड्रायव्हर त्यांना चालतो. १५ एलईडींच्या ४५ व्होल्टच्या माळेला तो अपुरा पडतो. केवळ वॅट पाहून केलेली निवड इथेच फसते. असा ड्रायव्हर आधी चालू करून मग त्याला एलईडी जोडणेही घातक असते, कारण मोकळ्या टोकांवर विभवांतर कमाल मर्यादेपर्यंत चढलेले असते.

स्थिर विभवांतर देणारे ड्रायव्हर मुख्यतः १२ किंवा २४ व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांसाठी वापरतात. या पट्ट्यांवर विद्युतधारा मर्यादित ठेवणारे रोध बसवलेलेच असतात. दर मीटरला १४.४ वॅट घेणाऱ्या ५ मीटर पट्टीचा भार ७२ वॅट होतो. ड्रायव्हर क्षमतेच्या सुमारे ८० टक्के भारावर चालवावा, या प्रचलित नियमानुसार येथे किमान ९० वॅटचा ड्रायव्हर लागतो. हीच पट्टी १२ व्होल्टची असल्यास ६ अँपिअर, तर २४ व्होल्टची असल्यास ३ अँपिअर विद्युतधारा वाहते. लांब पट्टीचे दूरचे टोक मंद दिसू नये यासाठी २४ व्होल्ट अधिक सोयीचे असते.

तापमान व आयुष्य

ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलायटिक धारित्र हा बहुधा सर्वांत अल्पायुषी घटक असतो. तापमान १० अंश सेल्सिअसने कमी झाल्यास त्याचे आयुष्य अंदाजे दुप्पट होते. त्यामुळे छताच्या पोकळीत, दिव्याच्या उष्णताशोषकाला चिकटवून ठेवलेला चांगला ड्रायव्हरही लवकर खराब होतो. आवरणावर ‘टीसी’ असे चिन्हांकित केलेल्या बिंदूचे तापमान छापील मर्यादेत राहणे आवश्यक असते.

सुरक्षा

स्वस्त ड्रायव्हरमध्ये पुरवठ्याची बाजू व एलईडीची बाजू विद्युतदृष्ट्या विलग नसतात. ज्या दिव्याच्या धातूच्या भागांना हात लागू शकतो, तिथे असा ड्रायव्हर विजेचा धक्का देऊ शकतो. केवळ किमतीसाठी तो वापरणे समर्थनीय नाही. पावसात राहणाऱ्या दिव्यांसाठी आयपी ६५ किंवा आयपी ६७ दर्जाचे आवरण लागते. भारतात न्यूट्रल तार तुटल्यास एका फेजवरील २३० व्होल्टच्या दिव्यांवर ४०० व्होल्टच्या जवळपास विभवांतर येऊ शकते. म्हणून पथदिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये अतिविभवांतरापासून व विजेच्या लाटेपासून संरक्षण पाहिले जाते. एलईडी ड्रायव्हरसाठी भारतीय मानक ‘आयएस १५८८५ (भाग २/विभाग १३)’ लागू असून भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी अनिवार्य आहे.

लुकलुक व मंदन

५० हर्ट्झ पुरवठ्यावर निकृष्ट ड्रायव्हरचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते सहसा जाणवत नाही, मात्र कॅमेऱ्यात काळे पट्टे उमटतात. यंत्रशाळेत फिरता भाग स्थिर किंवा संथ भासण्याचा धोका असतो. प्रकाश कमीजास्त करायचा असल्यास ड्रायव्हर तसा बनवलेला असावा लागतो व तो भिंतीवरील नियंत्रकाशी जुळावा लागतो. ट्रायॅक, ०–१० व्होल्ट आणि डाली या पद्धती एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत.

बदली ड्रायव्हर

जुना ड्रायव्हर बदलताना नव्याची विद्युतधारा जुन्याइतकीच असावी व विभवांतराची कक्षा एलईडींना सामावणारी असावी. ‘ड्रायव्हर ऑन बोर्ड’ प्रकारच्या दिव्यांत मात्र हे मंडल एलईडींच्याच पट्टीवर असल्याने ते स्वतंत्रपणे बदलता येत नाही. संपूर्ण पट्टीच बदलावी लागते.