बॉनेटखालचं बचत खातं

घरातल्या काही वस्तू बिघडल्याशिवाय कुणाच्या आठवणीत येत नाहीत. गॅसची नळी, टाकीतला बॉल, मीटरखालचा फ्यूज. मोटारीची बॅटरी याच पंगतीतली. गाडी घेताना रंगावरून घरात आठवडाभर वाद होतात, सीट कव्हरसाठी चार दुकानं पालथी घातली जातात, पण बॅटरी कुठे बसवली आहे हे विचारलं तर निम्मं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघतं. मग एखाद्या दिवशी साखरपुड्याला निघायचं असतं, सगळे नटूनथटून गाडीत बसलेले असतात, आणि किल्ली फिरवल्यावर नुसता 'कट्' असा आवाज येतो. त्या दिवशी मात्र बॅटरीचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं.

आमच्या शाहूपुरीत हा प्रसंग जरा जास्तच घडतो, आणि त्याला कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. गावाच्या मधोमध असल्यामुळे सगळं हाताशी. स्टेशन जवळ, एसटी स्टँड जवळ, लक्ष्मीपुरीची भाजी जवळ, महाद्वार रोड फार लांब नाही. त्यामुळे मोटार दारात असली तरी ती एका वेळी धावते दोन-तीन किलोमीटर. आपल्याला वाटतं, गाडी कमी वापरली म्हणजे ती जपली. बॅटरीच्या बाबतीत हे उलटं आहे.

जमा कमी, खर्च जास्त

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे मला बॅटरी बचत खात्यासारखी दिसते. गाडी सुरू करताना सेल्फ मारतो, तेव्हा दोन-तीन सेकंदांसाठी शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट खेचला जातो. ही मोठी रक्कम काढली. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ती हळूहळू परत भरतो. पण घरापासून भाजी मंडईपर्यंतच्या सात मिनिटांत, त्यातही एसी, दिवे आणि पंखा चालू असताना, भरणा पुरा होत नाही. असं रोज झालं की शिल्लक घटत जाते. शिवाय गाडी उभी असली तरी घड्याळ, अलार्म आणि आतले कॉम्प्युटर थोडा थोडा करंट घेतच असतात, बँक कधी कधी न सांगता किरकोळ चार्जेस कापते तसे.

खातं रिकामं झालं आणि तसंच पडून राहिलं, तर नुकसान आणखी वाढतं. बॅटरीत शिशाच्या प्लेटी असतात आणि त्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही रचना शोधून काढली, आणि आजच्या गाडीतही मूळ तत्त्व तेच आहे. वीज खर्च होताना प्लेटींवर शिशाचं सल्फेट तयार होतं, चार्जिंग केलं की ते विरघळतं. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर त्या सल्फेटचे टणक खडे बनतात आणि मग ते काही केल्या सुटत नाहीत. बँकेच्या भाषेत सांगायचं तर कर्ज थकीत होतं, मग बुडीत होतं.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि दारोदारच्या गाड्या दोन-अडीच महिने जागच्या हलल्या नाहीत. निर्बंध सैल झाल्यावर उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला उसंत नव्हती. तो म्हणाला, "काका, गाडी नुसती उभी ऱ्हायली की बॅटरी झोपती बगा. माणसागत हाय, रोज चालाय पायजे." माझ्या डॉक्टरांनीही मला तेच सांगितलं आहे.

तेव्हा पहिला नियम असा, की आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी. दारात उभी करून पाच मिनिटं इंजिन घरघरवल्याने सेल्फचा खर्चही धड भरून निघत नाही. मुलाकडे पुण्याला किंवा परदेशी तीन महिने जायचं असेल, तर कुणा माहितगाराकडून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून घ्यावी. काही गाड्यांत त्यानंतर घड्याळ, रेडिओ, काचांची बटणं पुन्हा जुळवावी लागतात, म्हणून आधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका बघावी.

पासबुक कसं वाचावं

बॅटरीची शिल्लक घरच्या घरी बघता येते. विजेच्या सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मल्टीमीटर मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवावा, लाल टोक प्लसला आणि काळं मायनसला लावावं. गाडी बंद करून काही तास झालेले असावेत. रात्री उभी केलेली गाडी सकाळी तपासणं सगळ्यांत उत्तम. १२.६ किंवा त्याहून जास्त व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी. एरवी बारा आणि साडेबारा यांत फरक तो किती असं आपण म्हणू, पण इथे तो अर्धा व्होल्ट म्हणजे खात्यातली बहुतेक सगळी रक्कम असते.

मग इंजिन सुरू करून पुन्हा बघावं. बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान येतो. तो साडेबाराच्या आसपासच अडकला, तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात असण्याची शक्यता असते. एवढं पाहिलंत, तर नवी बॅटरी विनाकारण घेण्याची वेळ टळू शकते.

काही बॅटऱ्यांवर छोटा गोल डोळा असतो. बहुधा हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्जिंग हवं, पांढरट म्हणजे पाणी कमी. पण बॅटरीत सहा कप्पे असतात आणि हा डोळा त्यातल्या एकाच कप्प्याचं सांगतो. एका सभासदाच्या सहीवर सगळ्या सोसायटीचा ठराव मंजूर होत नाही, तसंच हे.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर दर महिना-दोन महिन्यांनी पाणी बघावं. त्यात घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, एसीतून ठिबकलेलं नाही, पावसाचं तर नाहीच. आणि ॲसिड कधीही वरून घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी घालून आधी चार्जिंग करावं आणि मग खुणेपर्यंत भरावं, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. ज्या बॅटरीवर 'मेंटेनन्स फ्री' लिहिलं आहे तिची झाकणं उचकटण्याच्या फंदात पडू नये.

आगकाडीची गोष्ट

इथवरचं सगळं पैशाचं झालं. आता डोळ्यांचं.

१९८५ च्या आसपासची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी माझी बदली झाली होती. आमच्या शाखेसमोर एका शेतकऱ्याची जीप उभी असे. लांबचा पल्ला मारून ती संध्याकाळी आली होती आणि शेतकऱ्याचा मुलगा बॅटरीतलं पाणी बघत होता. अंधारून आलं होतं. कप्प्यात दिसेना, म्हणून त्याने आगकाडी ओढली. फटाका वाजावा तसा आवाज झाला. आम्ही बाहेर धावलो तेव्हा तो दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला होता. आम्ही सगळे शिकलेसवरलेले नुसते बघत उभे होतो. समोर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंनी मात्र पाण्याची घागर उचलली, त्याचे हात जबरदस्तीने बाजूला केले आणि डोळ्यांवर पाणी ओतायला सुरुवात केली. एक घागर संपली, दुसरी आणवली. "चोळू नगं, चोळू नगं," एवढंच त्या म्हणत होत्या. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की डोळे वाचले ते त्या पाण्याने. एका डोळ्याला कायमचं धूसर दिसू लागलं, पण दुसरा पूर्ण शाबूत राहिला.

त्या बाईंना रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण त्यांनी केलं ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. ॲसिड उडालं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा निदान पंधरा-वीस मिनिटं धुवावा, पापण्या उघड्या धराव्यात, आणि मग थेट डॉक्टर. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढावी. डोळ्यात सोडा, दूध, तूप काही घालू नये. कपड्यावर उडालं असेल तर तो कपडा आधी उतरवावा आणि त्वचेवर भरपूर पाणी ओतावं.

झालं काय होतं? चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण अवघं चार टक्के झालं तरी एका ठिणगीने तो पेटू शकतो. म्हणून बॅटरीजवळ बिडी, काडी, मेणबत्ती काहीही नको. बघायचं असेल तर टॉर्च घ्यावा, आणि तोही दूर असतानाच लावून मग जवळ यावं.

ठिणगी पान्यानेही पडते. वायर सोडवताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. यामागचं कारण सोपं आहे. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हवर पाना असताना तो चुकून पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. याच कारणाने हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात, गळ्यातलं आत खोचावं. डोळ्यांना गॉगल आणि हातात रबरी मोजे असावेत.

शेजारच्याची गाडी घेऊन जंपर केबल लावायची असेल तर क्रम असा: लाल टोक बंद गाडीच्या प्लसला, दुसरं लाल चांगल्या गाडीच्या प्लसला, काळं चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं बंद गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, ती वायूपासून लांब उडावी म्हणून हा खटाटोप. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली दिसली, कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तिला हात न लावता जाणकाराला बोलवावं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर वायर सोडवून, झाकणं घट्ट असल्याची खात्री करून, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने जुन्या ब्रशने घासावं, पुसावं, कोरडं करावं आणि वायर पुन्हा जोडून वरून थोडं व्हॅसलिन लावावं. सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. पुसायला घेतलेलं सुती फडकं टाकून द्यावं. ते चुकून धुण्यात गेलं तर दुसऱ्या कपड्यांनाही भोकं पडतात, आणि मग घरात जे महाभारत होतं त्यावर कुठलाही सोडा चालत नाही.

देवघर, पूर आणि भंगारवाला

मोटार नसलेल्यांनीही हे वाचावं, कारण लोडशेडिंगच्या काळात आपण इन्व्हर्टर घेतले आणि मोटारीच्या बॅटरीहून मोठी बॅटरी घरात आणून ठेवली. ती जिन्याखाली, कपाटात, कधी देवघराशेजारी असते. तिलाही मोकळी हवा लागते. तिच्याजवळ निरांजन, समई, उदबत्ती नको. खंडेनवमीला गाडीची पूजा जरूर करावी, पण उदबत्ती बाहेर हार घातलेल्या ठिकाणी ओवाळावी, उघड्या बॉनेटमध्ये नव्हे.

पूर आम्हाला नवा नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शाहूपुरीची कुंभार गल्ली दोन्ही वेळा पाण्याखाली गेली. पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवून बघण्याचा मोह आवरावा. पाणी ओसरल्यावर आधी निगेटिव्ह वायर सोडवावी आणि गाडी ओढून न्यावी. पाणी दारात येण्याआधी इन्व्हर्टर बंद करून बॅटरी उंचावर हलवावी. पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नये. आता विजेवरच्या मोटारीही आल्या आहेत. त्यांच्या नारिंगी वायरींना तर कोरड्यातसुद्धा घरच्या माणसाने हात लावू नये.

शेवटी जुन्या बॅटरीचा प्रश्न. तीन-चार वर्षांनी ती संपते, आणि मग दारावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देतो म्हणून ती त्याच्या हवाली होते. वजन कमी करायला आतलं पाणी गटारात ओतलं जातं. आपल्याकडची गटारं जयंती नाल्याला मिळतात, नाला पंचगंगेला, आणि पंचगंगा पुढे इचलकरंजीकडे जाते. त्या पाण्यात ॲसिड असतं आणि शिसंही असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. २००१ पासून जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत करण्याचे नियम आहेत. २०२२ च्या नव्या नियमांनी ती गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बॅटरीतलं शिसं जवळजवळ सगळं वितळवून पुन्हा वापरता येतं. दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीची रक्कम वजाही करतो. भंगारवाल्यापेक्षा शंभर-दोनशे कमी मिळतील, पण ते शंभर-दोनशे नदीकाठच्या कुणाच्या तरी मुलाच्या नावावर जमा झाले असं समजावं.

आज रविवार आहे. जेवण आणि झोप झाल्यावर ऊन उतरलं की घरातल्या पोरापोरींना बोलवा, बॉनेट उघडा आणि बॅटरी कुठे असते ते दाखवा. प्लस कुठलं, मायनस कुठलं, आधी काय सोडायचं, टॉर्च का आणि काडी का नाही, हे त्यांच्याकडून वदवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. मग त्यांनाच गाडीत घालून एक मोठी चक्कर मारून या. बॅटरीही भरेल.