काळ्या चिकट रानात जेसीबीने चर काढताय? आधी वाफसा बघा



पाऊस उघडला की पाइपलाइनचे आणि निचऱ्याचे चर काढायची घाई सुरू होते. रब्बीची पेरणी तोंडावर, त्यात ट्रॅक्टरवरचा जेसीबी गावात एखादाच. मग नंबर लागला की ओल्या रानातच मशीन घातलं जातं. भारी काळ्या जमिनीत ही घाई महाग पडते.

*माती चिकटते कशामुळे?*
काळ्या जमिनीत चिकणमातीचे अतिशय बारीक कण जास्त असतात. ते पाणी धरून फुगतात आणि वाळले की आकसतात. उन्हाळ्यातल्या भेगा त्यामुळेच पडतात. हीच माती ओली असताना लोखंडाला धरून बसते. बकेट उलटी केली तरी अर्धी माती आतच राहिली, तर पुढच्या खेपेला जागा अर्धीच उरते. म्हणजे तेवढ्याच चराला दुप्पट खेपा, आणि भाडं तर तासावर!

*वाफसा कसा बघायचा?*
वरची माती सुकलेली दिसते, पण दोन फुटांखाली चिखल असू शकतो. म्हणून जेवढा खोल चर काढायचा, तेवढा एक छोटा खड्डा कुदळीने घ्या. तळाची चिमूटभर माती तळहातावर वळा.
- उदबत्तीएवढी (साधारण ३ मिमी) वळी न तुटता झाली: अजून ओली आहे, थांबा.
- तेवढी बारीक होताना तुटायला लागली: वाफसा आला, मशीन बोलवा.
- वळीच होत नाही, दगडासारखी घट्ट आहे: खूप वाळली. मोठी ढेकळं निघतील, दात झिजतील.

खालचा थर वाफशावर यायला वरच्यापेक्षा जास्त दिवस लागतात. काम अडत नसेल तर पेरणी करून घ्या आणि चर पीक निघाल्यावर काढा.

*ओल्यातच काढायची वेळ आली तर*
१. बकेट गच्च भरायला लावू नका. पातळ काप घेतला की माती सुटते.
२. अरुंद, खोल बकेटमध्ये माती जास्त अडकते. चराची रुंदी चालत असेल तर रुंद, उथळ बकेट लावायला सांगा.
३. बकेट आतून अधूनमधून पाण्याने ओली करा. जळकं ऑइल लावू नका, ते रानातच उतरतं.
४. माती पाडायला बकेट आपटू देऊ नका, पिन आणि बुश जातात. बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, मग फावड्याने खरवडायचं.
५. मशीनच्या जॅकखाली जाड लाकडी फळ्या द्या, नाहीतर एक बाजू खचते.
६. मशीनची ये-जा एकाच वाटेने ठेवा. ओल्या रानात चाकाखाली माती दबली की तिथलं पीक मागे पडतं.

*निचऱ्याचा चर असेल तर*
ओल्या मातीत बकेट घासून चराच्या भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात. बारीक छिद्रं बुजतात आणि शेतातलं पाणी चरात उतरत नाही. चर चांगला दिसतो, पण रान चिबडच राहतं. उथळ चर असेल तर भिंती थोड्या सुकल्यावर कुदळीने खरवडून घ्या.

*माती दोन ढिगांत ठेवा*
वरची फूटभर कसदार माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. बुजवताना खालची आधी, वरची शेवटी. खालची चुनखडीची किंवा चोपण माती वर आली तर त्या पट्ट्यात उगवण कमी होते. पाइपच्या खाली आणि भोवती बारीक, मोकळी माती घाला. ढेकूळ थेट पाइपवर पडू देऊ नका. नंतर माती बसते, म्हणून वर थोडी वरंब्यासारखी चढती ठेवा.

*जीव सगळ्यात आधी*
काळ्या मातीची उभी भिंत भक्कम वाटते, पण भेगांवरून ती अचानक घसरते. पाऊस पडून गेल्यावर धोका आणखी वाढतो. ५ फुटांच्या चरात माणूस अडकला तर छातीवर येणारं मातीचं ओझं श्वास घेऊ देत नाही. म्हणून:
- ५ फूट किंवा जास्त खोल चरात, भिंतींना उतार किंवा लाकडाचा आधार दिल्याशिवाय, पाइप जोडायलासुद्धा उतरू नका. कमी खोल चरातही भेग दिसली तर बाहेर या.
- काढलेली माती काठापासून किमान ५ फूट लांब टाका.
- मशीन चालू असताना बकेटच्या फिरण्याच्या टप्प्यात कोणी उभं राहायचं नाही. लहान मुलांना रानात आणू नका.
- वरून विजेची तार, खालून मोटारीची केबल किंवा जुनी पाइपलाइन जाते का, ते ऑपरेटरला आधीच दाखवा.

मशीन ठरवण्याआधी खड्ड्यातल्या मातीच्या वळीचा फोटो ग्रुपवर टाका. काढायचं की थांबायचं, ते बघून सांगतो. शेजारच्या दोघा-तिघांचा वाफसा एकाच वेळी येत असेल तर मशीन मिळून बोलवा, ये-जा करण्याचा खर्च वाटला जाईल.

आपला,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी