हिवाळ्यातील सर्दी-खोकला : घरच्या उपायांचे बळ आणि मर्यादा

रब्बीची ज्वारी पोटरीत येते, हरभरा फुलोऱ्यावर असतो, आणि त्याच सुमारास घरोघरी सर्दी-खोकल्याची साथ सुरू होते. आधी शाळेत जाणारे मूल शिंकू लागते, दोन दिवसांनी त्याची आई, मग आजी आणि शेवटी पाळण्यातले बाळ. हरभऱ्याच्या पानावर डाग दिसला तर आपण ते पान घेऊन कृषी सहायकाकडे जातो. घरातल्या खोकल्याला मात्र "थंडीचे दिवस आहेत, व्हायचेच" असे म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा हे म्हणणे खरेही ठरते, कारण साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. अडचण एवढीच, की बाळाच्या किंवा वृद्धाच्या न्यूमोनियाची सुरुवातही अशाच साध्या सर्दीने होते आणि तेथे घरगुती उपायांत घालवलेले दोन दिवस जिवावर बेततात. म्हणून कोणत्या उपायाने खरोखर आराम पडतो, कोणता घातक आहे आणि काढ्याचे भांडे बाजूला ठेवून दवाखाना केव्हा गाठायचा, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे.

रोगाचे मूळ गारठ्यात नाही

रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी दिले, पाय गारठले आणि सकाळी पडसे आले, असा अनेकांचा अनुभव असतो. गारठ्याने शरीराचा प्रतिकार काहीसा मंदावत असला तरी सर्दी होण्यास विषाणू शरीरात शिरावाच लागतो. असे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. त्यामुळे एकाच हिवाळ्यात तीच व्यक्ती दोन-तीनदा आजारी पडली तर नवल नाही. थंडीत दारे-खिडक्या लावून सारे घर एका खोलीत झोपते, हेच साथीचे खरे कारण.

फ्ल्यूचा आजार साध्या सर्दीहून वेगळा आहे. यात एकाएकी ताप भरतो, अंग मोडून येते, डोके ठणकते, कोरडा खोकला येतो आणि धडधाकट माणूसही अंथरूण धरतो. हा रोग केवळ हिवाळ्याचा नाही. आपल्याकडे पावसाळ्यातही त्याचा जोर असतो. २००९ साली स्वाईन फ्ल्यूने देशातील पहिला बळी घेतला तो ऑगस्ट महिन्यात, पुण्यात. तो विषाणू नाहीसा झाला नाही, तर हंगामी फ्ल्यूचाच एक प्रकार होऊन राहिला आहे. ताप येण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस रोग्यापासून इतरांना लागण होऊ शकते. तेवढे दिवस रोग्याचे अंथरूण वेगळे घालावे, आणि बाळाला त्याच्याजवळ देऊ नये. आजोबांना वाईट वाटेल, पण आठवडाभराचा प्रश्न आहे.

धूर हा पहिला शत्रू

प्रतिबंधाचा विचार करताना लोक प्रथम काढ्याचा विचार करतात. वास्तविक सुरुवात चुलीपासून करावयास हवी. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांचा धूर श्वासनलिकेच्या आतील नाजूक अस्तराला इजा करतो आणि मग जंतूंना वाट मोकळी होते. घरातील धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. आता अनेक घरांत गॅस आला आहे. तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच होतात, आणि बाळ आईच्या मांडीवर किंवा शेजारच्या झोळीत असते. पाण्याची चूल अंगणात काढावी. स्वयंपाकघरातील चूल हलवणे शक्य नसेल तर वरची दोन कौले काढून धुराला वाट द्यावी, जळण पूर्ण वाळलेले वापरावे आणि चूल पेटती असेपर्यंत बाळाला दुसऱ्याकडे सोपवावे.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. दारे बंद, खाटेखाली शेगडी आणि वर ओवा-बाळंतशेपांची धुरी, ही चाल आपल्याकडे मायेपोटी पडली आहे. परंतु मोठ्या माणसाच्या डोळ्यांना झोंबणारा धूर आठ दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसाला सोसवत नाही. शिवाय बंद खोलीत कोळसा जळत राहिला की वास नसलेला विषारी वायू साठतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. बाळाला ऊब द्यायची तर टोपडे, मोजे आणि सुती दुपटी वापरावीत, आणि आईने त्याला आपल्या उघड्या छातीशी धरून वरून शाल पांघरावी. ही ऊब कोणत्याही शेगडीपेक्षा चांगली.

हात आणि पदर

सर्दीचा विषाणू खोकल्याबरोबर उडणाऱ्या थेंबांतून पसरतो तसाच हातांवरूनही पसरतो. आई ज्या पदराने मोठ्याचे नाक पुसते त्याच पदराने धाकट्याचे तोंड पुसते. त्याऐवजी जुन्या सुती लुगड्याचे लहान तुकडे करून प्रत्येकाला वेगळे द्यावेत. रोज गरम पाण्यात साबणाने धुऊन ते कडक उन्हात वाळवावेत. कणीक मळण्यापूर्वी, मुलाला भरवण्यापूर्वी आणि नाक साफ केल्यानंतर हात साबणाने किमान वीस सेकंद चोळून धुवावेत. दुपारी तासभर तरी दारे-खिडक्या उघडून घरात वारे खेळू द्यावे. यास खर्च काहीच नाही, म्हणूनच कदाचित त्याची किंमत वाटत नाही.

मळणीच्या दिवसांत तूर-सोयाबीनच्या भुशामुळे खोकला येतो. यंत्राजवळ काम करणाऱ्यांनी नाकातोंडावर दुपदरी सुती कापड बांधावे. कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो थंडीचा किंवा धुळीचा समजू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी.

आहार

आठ दिवस एखादा पदार्थ खाऊन प्रतिकारशक्ती वाढत नाही. वर्षभराच्या जेवणातून ती टिकते. हिवाळ्यात आपल्या शिवारातच उत्तम अन्न असते. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची कोवळी भाजी, मेथी, शेवग्याचा पाला, डाळी, तीळ-गूळ आणि जमेल त्या घरी अंडी, एवढे ताटात असले तर बाजारातल्या शक्तिवर्धक डब्यांवर पैसे घालवू नयेत. आवळा आणि पेरू यांत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक असते. नियमित सेवनाने सर्दी टळते असे मात्र आढळलेले नाही. ती थोडी लवकर आटोपते, इतकेच. "पेरूने सर्दी होते" म्हणून मुलांना पेरू बंद करण्यास तर काहीच आधार नाही. झाड दारात आणि मूल त्याला पारखे, असे होऊ नये.

काढा, मध आणि वाफ

घरगुती उपायांचे काम विषाणू मारणे नव्हे, तर शरीर आपली लढाई लढत असताना त्रास कमी करणे हे आहे. या दृष्टीने पाहिले तर त्यांतील बरेच उपाय चांगले आहेत. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या केल्याने घसा हलका होतो. तुळस, आले आणि गवती चहा यांचा पातळ काढा किंवा कढण घेतल्याने पोटात पाणी जाते, कफ सैल होतो. झोपताना हळद घातलेले गरम दूध घशाला शेक देते. घरच्या हळकुंडांची दळलेली हळद असेल तर भेसळीची शंकाही नको. मात्र काढा घोटून घोटून कडू करण्यात अर्थ नाही. २०२० च्या करोना साथीत दिवसातून पाच-सहा वेळा मिरी-दालचिनीचा काढा पिऊन काहींनी पोटाची आग मात्र ओढवून घेतली. ज्येष्ठमध जास्त घेतल्यास रक्तदाब वाढतो, तेव्हा रक्तदाबाच्या रोग्याने ते टाळावे.

मध हा खोकल्यावर खरोखर गुणकारी आहे. एक वर्षावरील मुलास रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिल्यास ढास कमी होते. परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये, गुटीतूनही देऊ नये. मधात कधी कधी असणाऱ्या एका जीवाणूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडून श्वास बंद होण्याचा धोका असतो, आणि मध शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही.

वाफ मोठ्यांनी बेताने घ्यावी. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ बसवू नये. भांडे कलंडून मुले भाजतात. बाळाच्या नाकात तेल सोडणे सर्वस्वी बंद करावे, कारण ते तेल फुप्फुसात उतरते. कापूर बाळाच्या अंगाला चोळणे किंवा पोटात देणेही तितकेच वाईट, त्याने झटके येतात. नाक चोंदले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्यापूर्वी सोडावेत. अंगावरचे दूध मुळीच थांबवू नये. आईला सर्दी असली तरी तोंडाला कापड बांधून पाजावे.

सर्दीवर प्रतिजैविकांची गोळी मागून घेणे म्हणजे मावा आला म्हणून बुरशीनाशक फवारण्यासारखे आहे. ही औषधे जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. एकाच कीटकनाशकाच्या वारंवार फवारणीने बोंडअळी कशी दाद देईनाशी होते, हे कापूस उत्पादकांना सांगायला नको. जंतूंचेही तसेच होते. तापासाठी वजनानुसार पॅरासिटॅमॉल पुरेसे असते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

बाळाचा श्वास मोजा

प्रत्येक घराने शिकून ठेवावी अशी ही एक गोष्ट आहे. बाळ शांत किंवा झोपलेले असताना त्याच्या पोटावरचे कापड वर करावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण पोट उडणे किंवा डबा म्हणतो, तर आजार गंभीर आहे. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, कण्हत असेल, झटके आले असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील तर रात्र असली तरी थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नवजात बाळाला न्यूमोनियात ताप येईलच असे नाही, उलट अंग गार पडते. काही भागांत अशा वेळी पोटावर डागण्या देतात. त्याने आजार हटत नाही, बाळाला जखम होते आणि मोलाचा वेळ जातो.

श्वास मोजण्याला शिक्षण लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील कार्यकर्ते आणि निरक्षर दायांनाही हे काम शिकवले. दायांसाठी मण्यांचे साधे मोजयंत्र तयार केले. वेळेवर ओळख आणि गावातच औषध, एवढ्याने त्या गावांतील बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले. हे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

न्यूमोनियाची एक लस आता बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर सरकारी केंद्रात मोफत मिळते. फ्ल्यूची लस दरवर्षी घ्यावी लागते; गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमा व मधुमेहाचे रोगी यांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. याच मंडळींना फ्ल्यूची लक्षणे दिसल्यास पहिल्या दोन दिवसांतच दाखवावे, कारण फ्ल्यूवरील औषध तेव्हाच अधिक उपयोगी पडते. म्हातारी माणसे तापाने फणफणतीलच असे नाही. जेवण सुटले, धाप लागली किंवा बोलणे असंबद्ध झाले तरी ते धोक्याचेच लक्षण होय.

साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या नेमक्या याच थंडीत आपल्या शिवारात उतरतात. पाचटाची कोपी, दाराशी चूल, पहाटेच आई-वडील फडात आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या काखेत, अशी तेथील परिस्थिती असते. ज्या बागायतदाराच्या फडात टोळी आली असेल त्याने गावच्या आशाताईंना तसे कळवावे. मुलाचे लसीकरण कार्ड दुसऱ्या जिल्ह्याचे असले तरी पुढचा डोस येथील उपकेंद्रात मिळतो.