'धन मागते' : गुप्तधनाच्या परिभाषेतील कर्ता

भोर-वेल्हे परिसरात गुप्तधनाचा विषय निघाला की तोरणा हटकून आठवतो. तोरण्याच्या डागडुजीत शिवाजी महाराजांना धन सापडले आणि ते राजगडाच्या बांधणीस उपयोगी पडले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. या कथेत माणसे गड बांधीत आहेत. धन सापडते ते काम करताना. गुप्तधन शोधणाऱ्यांची परिभाषा मात्र याहून वेगळी आहे. तिचे स्वरूप पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

पहिला विशेष नित्याच्या शब्दांच्या अर्थांतराचा. 'हंडा' म्हणजे पुरलेले द्रव्य. 'राखण' म्हणजे त्यावर बसलेला नाग किंवा भूत. 'अंजन' म्हणजे जमिनीखालचे दाखविणारे काजळ. पायांकडून जन्मलेला तो 'पायाळू'. त्याला पुरलेले धन दिसते, अशी समजूत. 'घबाड' हे तर पंचांगातील एका शुभ मुहूर्ताचे नाव. बोलीत ते अवचित लाभाचे वाचक झाले.

दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा, तो क्रियापदांचा. धन 'सरकते', धनाचा 'कोळसा होतो', धन 'मागते'. या वाक्यांतून माणूस नाहीसा झालेला आहे. खड्डा रिकामा निघाला तरी मांत्रिक खोटा ठरत नाही, कारण धन सरकलेले असते. अपयशाचे स्पष्टीकरण असे भाषेतच आधीपासून तयार असते.

'मागते' हे क्रियापद सर्वांत घातक. मागणी नारळापासून कोंबड्यापर्यंत जाते आणि कधी माणसापर्यंत पोहोचते. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात झालेल्या हत्यासत्रामागे गुप्तधनाची लालसा होती. 'धन बळी मागते' या वाक्यात मागणारे धन आहे. मारणारा कोठेच नाही.

कायद्याच्या भाषेत हा लुप्त कर्ता परत येतो. 1878 चा निखात निधी कायदा ठेवा सापडणाऱ्याला उद्देशून बोलतो : दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याने जिल्हाधिकाऱ्यास कळवावे. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणाऱ्यास दोषी धरतो.

म्हणून बोलीचा संग्रह करणाऱ्या अभ्यासकाने शब्दार्थ नोंदवून थांबू नये. प्रत्येक वाक्यापाशी त्याने व्याकरणातील पहिलाच प्रश्न विचारावा : येथे कर्ता कोण?