शिंजीर ओळखताना आधी चोच

भिलईच्या रुआबांधा सेक्टरात क्वार्टरच्या कुंपणाला जास्वंद असेल, तर शिंजीर बघायला जंगलात जावं लागत नाही. शिंजीर म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. लांबी जेमतेम १० सेंटीमीटर, चिमणीहून लहान.

लोक आधी रंग बघतात आणि तिथेच फसतात. पहिली बघायची ती चोच: काळी, बारीक, खाली वाकलेली. फुलटोच्याही फुलांभोवती असतो, पण त्याची चोच आखूड आणि फिकट. त्याचा जीव बांडगुळाच्या फळांत. चष्मेवाला या पक्ष्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं आणि तो थव्याने हिंडतो.

चोच पटली की मग रंग. विणीच्या काळातला नर लांबून काळाकुट्ट दिसतो. ऊन पडलं की तोच निळा-जांभळा झळाळतो, कारण ही झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेची असते. मादी वरून मातकट हिरवी, खालून पिवळसर. खरी गंमत विणीनंतर, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. नर आपला झगमगता वेष उतरवून मादीसारखा होतो. हनुवटीपासून पोटापर्यंत काळा पट्टा तेवढा उरतो. हा वेगळाच पक्षी आहे असं नवख्याला हमखास वाटतं.

महाराष्ट्रातल्या बागांत याचा एक भाऊबंद दिसतो, जांभळ्या पाठीचा सूर्यपक्षी. त्याच्या नराचं पोट पिवळं असतं आणि तो ऋतूनुसार वेष बदलत नाही. माद्यांचा घोळ गळ्यावरून सुटतो: या भाऊबंदाच्या मादीचा गळा करडा-पांढरा, शिंजिरीचा पिवळसर.

शिंजिराला ‘हमिंगबर्ड’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण ते पक्षी फक्त अमेरिका खंडांत. शिंजीर क्वचित हवेत थरथरत मध पितो; एरवी डहाळीवर बसूनच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस (इथला परसा) फुलला की मध पिता पिता परागही इकडचे तिकडे नेतो. फुलाची नळी फार लांब असेल तर मात्र बुडाशी भोक पाडून मध चोरतो आणि फुलाच्या पदरी काही पडत नाही. पिल्लांना किडे, कोळी भरवतो.

घरटं मादी एकटी बांधते. कोळ्याच्या जाळ्याने गवत आणि सालींचे तुकडे जोडलेली लोंबती पिशवी, बाजूला भोक, वर छोटीशी पडवी. व्हरांड्यातल्या तारेवरही ते टांगलेलं सापडतं, आणि दिसतं अगदी कचऱ्यासारखं. तेव्हा जळमटं काढताना झाडू फिरवण्याआधी ते भोक बघून घ्यावं.